मोत्या का भुंकत होता?



राधानगरीच्या रानाला लागून आमचे छोटे घर आहे. फाल्गुनातले अष्टाह्निक पर्व कोल्हापूरच्या देवळात झाले की आम्ही दोघे तिकडे जातो, ते पाऊस लागेपर्यंत राहतो. परसापासून पंधरा पावलांवर झाडी सुरू होते. या दिवसांत कुसुंबाची कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलेच वाटतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात, अंजनीच्या फांद्यांना निळी-जांभळी फुले चिकटतात. आणि झाडांखाली घोट्यापर्यंत पाचोळा.

आमचा मोत्या गावठी कुत्रा. पाच वर्षांपूर्वी पिल्लू असताना आपणहून पायरीवर येऊन बसला, तो राहिलाच. त्याला सकाळी दूध-भाकरी, संध्याकाळी वरण-भात. आमचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, म्हणून त्याचेही तेव्हाच. पाणी गाळूनच त्याच्या भांड्यात पडते. हे हसून म्हणतात, "आपल्यापेक्षा हाच पक्का श्रावक झालाय." रानात जाऊन तो काय करतो याची हमी मात्र मी देत नाही!

परसात मी दुधी, दोडका, कारले, गवार, काकडी लावते. कांदा, बटाटा, रताळे नाही. जमीन खणायची तीही बेताने. खुरप्याने वरची माती हलवायची, गांडूळ दिसले तर हाताने बाजूला ठेवायचे, मग आळे करायचे. एवढी काळजी घेते म्हणून माझी मलाच शाबासकी असायची. ती शाबासकी मागच्या वर्षी उतरली.

होळी होऊन चार दिवस झाले होते. दरवर्षीप्रमाणे परसातला पाचोळा झाडून कडेला ढीग केला होता, तो पेटवायचा होता. आमच्याकडे सगळेच पेटवतात. शेतकरी भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात, घरवाले सापा-विंचवाच्या भीतीने अंगण साफ ठेवतात. मीही पेटवत आले होते. त्या दिवशी मोत्या अंजनीच्या झुडपांजवळ उभा राहून भुंकत होता. हटकले तरी हलेना. सारखा माझ्याकडे बघायचा, परत झुडपाकडे बघायचा. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काकू, कुत्रं उगं भुकत नसतंय. बघा तरी काय हाय ते." मला बाराच्या आत स्वयंपाक उरकायचा होता. "घोरपड असेल," म्हणून मी त्याला खांबाला बांधले आणि काडी ओढली.

वारा फिरला. ढिगातली आग पाचोळ्यावरून सरपटत झुडपांकडे गेली. ज्वाला नव्हत्या, नुसती लाल किनार पुढे पुढे सरकत होती. मावशींनी ओल्या डहाळ्यांनी झोडपले, मी आणि ह्यांनी बादल्या ओतल्या. तेवढ्यात जमिनीवरचा पाचोळाच उडाल्यासारखा एक पक्षी उठला आणि पंख फडफडवत थोड्या अंतरावर पडला. परत उठला, परत पडला. रातवा होता. हा पक्षी घरटे बांधत नाही. वाळक्या पानांवरच उघड्यावर अंडी घालतो आणि त्याच रंगाचा होऊन बसून राहतो. अगदी पाय पडेपर्यंत हलत नाही.

आग विझल्यावर पाहिले. दोन अंडी होती. एक काळे पडले होते, एक तडकले होते. शेजारी राखेत पांढऱ्या पडलेल्या गोगलगायी. उन्हाळ्यात त्या शंखाचे तोंड बंद करून पाचोळ्याखाली निजतात, पावसाची वाट बघत. मोत्या खांबाशी गप्प बसला होता. त्याला सोडले, तरी उठून आला नाही.

त्या दुपारी मला जेवण गेले नाही. सामायिकात बसले तरी मन लागेना. आधी मी स्वतःची समजूत काढली. गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही. चूल पेटवली, झाडलोट केली, शेती केली की जीव जातातच. जाणूनबुजून मारण्याचा संकल्प श्रावकाने सोडायचा असतो, आणि मी तर काही मारायला निघाले नव्हते. हिशेब जुळला असे वाटले. पण मी बी.कॉम. झालेली बाई. एखादी रक्कम चुकीच्या खात्यावर टाकून ताळेबंद जुळवला तर तो जुळत नाही, हे मला कळते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येत पहिलाच शब्द प्रमादाचा आहे. बेसावधपणाने प्राण घेणे ती हिंसा. पाठशाळेत मुलांना हे सूत्र मीच शिकवले आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत रान पेटवणेही येते, तेही पाठ. ते वाचताना मात्र डोळ्यांसमोर मोठे वणवे यायचे, आपल्या परसातली काडी कधी आली नाही. स्वयंपाक टळत नव्हता, हे खरे. पाचोळा जाळणे टळत होते. ते मी न टळणाऱ्यांच्या खात्यात टाकले होते, कारण ते सोयीचे होते. आणि मला थांबवायला कोणी नव्हते असेही नाही. एक मुका जीव दहा मिनिटे सांगत होता, मी त्याला बांधून ठेवले.

आपल्या जीवंधर स्वामींच्या कथेत मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो यक्ष झाला. लहानपणापासून ही कथा मी 'आपण प्राण्यांना काय द्यावे' म्हणून ऐकली. आपण त्यांचे काय ऐकावे, हे मला त्या दिवशी सुचले. मोत्या पंचेंद्रिय आहे, त्याला मन आहे. त्या घटकेला सावध तो होता, मी नव्हते.

आलोचना पाठ म्हटला आणि नियम घेतला: आयुष्यात पाचोळा पेटवायचा नाही. ह्यांनीही घेतला.

यंदा काय केले ते सांगते, कारण नुसता पश्चात्ताप परसात उगवत नाही. सापाची भीती खरी आहे, म्हणून घराभोवती दहा फूट पट्टा रोज झाडून मोकळा ठेवते. रोज झाडले की ढीग साचत नाही आणि त्यात कोणी घर करत नाही. ती पाने दिवसाउजेडी, काठीने हलकेच चाळून, जीव निघून जायला वेळ देऊन उचलते आणि आळ्यांत चार बोटे जाड पसरते. पूर्वी आळ्यांना रोज पाणी लागे, आता तिसऱ्या दिवशी पुरते. म्हणजे गाळायचे पाणीही कमी. झुडपांखालच्या पाचोळ्याला हातच लावत नाही. तो माझा नाहीच. पानांखाली कीडमुंगी येते, खुरपताना काही मरतही असेल. ते शून्यावर येणार नाही. पण आता कुठे हात घालायचा नाही ते कळते.

मावशींनीही यंदा त्यांच्या दारचा पाचोळा जाळला नाही. "काकू, आमच्या भोपळ्याला घालते," म्हणाल्या.

महावीर जयंतीच्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. दोडक्याचा वेल मांडवावर चढला होता. अंधार पडता पडता रानातून रातव्याची 'चक चक चक' ऐकू आली. तोच पक्षी की दुसरा, कोण सांगणार? त्या दोन अंड्यांची भरपाई त्याने होत नाही. मोत्याने कान टवकारले आणि दोनदा भुंकला. मी उठले, बॅटरी घेतली आणि काय आहे ते बघायला त्याच्या मागे गेले.

काही नव्हते. तरी गेले.

शहरातल्या मैत्रिणींनो, सोसायटीच्या कोपऱ्यात पानांचा ढीग पेटवायला कोणी काडी काढली, तर त्याला एक मिनिट थांबवा. जय जिनेंद्र.