लहर आली

‘धाकटा रेडिओचं शिकायला इंदूरला गेलाय’ असं १९७० साली आमच्या सिंधीपुऱ्यात सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग दुकान कुठे टाकणार?’ रेडिओ म्हणजे दुरुस्ती, आणि ती तर चौकातल्या मिस्त्रीकडे बसूनही येते, असा सगळ्या बऱ्हाणपूरचा हिशेब. नानांचाही तोच. ते ताप्ती मिलमध्ये होते. मुलाला तिथे चिकटवलं की लगेच पगार. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा म्हणजे तीन वर्षं नुसता खर्च. मी नुकताच बी.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो. ‘फी मी भरतो,’ म्हणालो तेव्हा ते गप्प बसले. राजी झाले नव्हते, बरं का.

भाऊ खंडव्याला गाडी बदलून मीटर गेजने इंदूरला गेला. शाळा सगळी हिंदी माध्यमातली, आणि इथे पुस्तकं इंग्रजी. टर्मनचं ‘रेडिओ इंजिनिअरिंग’ डिक्शनरी घेऊन वाचायचा, रात्रीत जेमतेम दोन पानं. दिवाळीआधी बँकेच्या पत्त्यावर मला पत्र आलं: ‘दादा, जमत नाही. नानांना सांगून मिलमध्येच बघ.’

ते पत्र मी घरी दाखवलंच नाही. उत्तरात एवढंच लिहिलं, ‘नाना विचारतात, आपल्या सेटवर मुंबई दिवसा लागत नाही, मग रात्री कशी लागते? चौकातल्या मिस्त्रीला सांगता आलं नाही.’ प्रश्न खरोखरच नानांचा होता.

आठवड्याभरात चार पानी उत्तर आलं, नानांच्या नावे. आवाज एकटा लांब जात नाही, त्याला वाहून नेणारी लहर लागते. मिडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीलगत जाते तेवढीच. जी वर जाते ती उन्हाने तयार झालेला हवेतला एक थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहर आणखी वरच्या थरावरून परतते आणि लांब कुठेतरी उतरते. सोबत आकृती. एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला ताप्ती आणि आमचं घर.

नानांनी पत्र दोनदा वाचलं. संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. मिलचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

भाऊ पास झाला, आकाशवाणीत लागला. दिल्लीला किंग्जवे कॅम्पात आकाशवाणीची तांत्रिक प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही शिकून आला. मग सगळी नोकरी गावाबाहेरच्या माळांवर, ट्रान्समीटरपाशी. निवेदकांची नावं घरोघरी माहीत. पहाटे उठून त्यांच्याआधी व्हॉल्व्ह तापवणाऱ्याचं नाव कोण विचारतो?

आमचे नाना विचारत. इंदूर केंद्र १९५५ चं, भावाची नेमणूक तिथे कधी नव्हती. तरी नाना रोज सकाळची सभा सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी सेट लावून बसत. नुसती खरखर चालायची. मग एकदम ती खरखर दबायची. अजून ना धून, ना शब्द. नाना आईला हाक मारून सांगत, ‘अगं, लहर आली. तिकडे कुणीतरी उठलंय.’