सत्तर मिनिटांचा षड्ज

ठरलेलं लग्न मोडलं की घरचे लोक एक तर तो विषयच काढत नाहीत, नाही तर दुसऱ्याच दिवशी नवं स्थळ शोधायला लागतात. भाचा खारघरला माझ्याकडे राहायला आला तेव्हा मी गप्प राहणंच पसंत केलं. सेंट्रल पार्क मेट्रो स्टेशनवरून तो रात्री उशिरा चालत यायचा, जेवायचा, खोलीचं दार लावून घ्यायचा. मग एकच संगीत सुरू व्हायचं. दाराबाहेर शब्द यायचे नाहीत, यायचा तो एक अखंड, जागचा न हलणारा सूर. तो सूर मला ओळखीचा वाटला, म्हणून एकदा मी दार वाजवलं.

‘मावशी, तुला नाही आवडणार हे,’ तो म्हणाला. पण मी बसून ऐकलं, आणि त्यानंतर बरेचदा ऐकत आले.

अल्बमचं नाव ‘लेडीज अँड जंटलमेन वुई आर फ्लोटिंग इन स्पेस’. योस्टाइन गार्डर यांच्या ‘सोफीज वर्ल्ड’ या कादंबरीतून ते घेतलेलं आहे. बँड इंग्लंडचा, स्पिरिच्युअलाइज्ड, आणि साल 1997. बँडचा कर्ताधर्ता जेसन पिअर्स. त्याची प्रेयसी केट रॅडली याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची. 1995 मध्ये तिनं ‘द व्हर्व्ह’ या दुसऱ्या बँडच्या रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टशी गुपचूप लग्न केलं. तरीही या अल्बमवर कीबोर्ड तिचाच आहे, आणि सुरुवातीला अल्बमचं नाव उच्चारणारा बाईचा आवाजही तिचाच. बरीचशी गाणी त्याआधीच लिहून झाली होती, असं पिअर्स सांगत आला आहे. मला ते पटतं. कधीकधी मनाला आधी कळतं आणि घडतं नंतर. पण विरहाची गाणी पुरी करायला जिच्याशी नातं संपलं तीच शेजारी बसलेली असावी, हे त्या सगळ्या कहाणीतलं मला सर्वांत जड वाटतं.

आता त्या सुराबद्दल. पिअर्सचा आधीचा बँड स्पेसमेन 3. 1988 मध्ये लंडनच्या एका कलाकेंद्रात त्यांनी केलेलं वादन ‘ड्रीमवेपन’ या नावानं निघालं. त्याच्या उपशीर्षकात सतार आहे, वादनात मात्र सतार नाही. आहे तो गिटारवर धरून ठेवलेला एकच गुंजारव. त्यांच्यासमोर आदर्श होता अमेरिकन संगीतकार ला मॉन्ट यंग यांचा. हिंदुस्थानी संगीत यंग यांच्या कानावर तरुणपणीच पडलं होतं, दीर्घ स्वरांचं संगीत त्यांनी 1960 च्या दशकात मांडलं, आणि 1970 मध्ये ते किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते. अब्दुल करीम खाँ तिथेच राहिले, आणि तंबोरेही तिथेच घडतात. माझा तंबोरा मिरजेचाच. खोलीच्या दारातून मी ओळखला तो हाच षड्ज, फार लांबून फिरून आलेला.

अल्बमच्या नावातलं अंतराळ म्हणजे या संगीतात मला वाटते ती मोकळी जागा. दुःखी माणसाला बोलणारं कुणी नको असतं, पण पूर्ण शांतताही सोसत नाही. तंबोरा काहीच सांगत नाही, फक्त गाणाऱ्याचा स्वर धरून ठेवतो. ज्ञानदेवांच्या विरहिण्या हृदयनाथ मंगेशकरांनी बांधल्या आणि लताबाईंनी गायल्या. त्यांतली विरहिणी ज्याची वाट पाहते तो प्रियकर की देव, हे वेगळं काढता येत नाही. शीतल म्हणून लावलेलं चंदनही तिला पोळतं. पिअर्सच्या गाण्यांमागे लंडन कम्युनिटी गॉस्पेल क्वायर उभं राहतं, तेव्हा तिथेही प्रेमाची याचना प्रार्थनेच्याच आवाजात होते. म्हणून या अल्बमला नुसतं प्रेमभंगाचं संगीत म्हणणं मला अपुरं वाटतं.

अल्बम निघाला तेव्हा त्याचं वेष्टण औषधाच्या खोक्यासारखं होतं. एका खास आवृत्तीत तर 12 गाण्यांच्या 12 छोट्या सीडी गोळ्यांच्या पाकिटासारख्या बसवल्या होत्या. कल्पना सुंदर आहे, पण ऐकल्यावर कळतं की यात उतारा नाही. ‘ब्रोकन हार्ट’ या गाण्यात व्हायोलिनं संथपणे चढत जातात आणि दुखणं होतं तिथेच राहतं. ते बरं करायची घाई कुणालाच नाही, आणि माझ्या लेखी हाच या अल्बमचा प्रामाणिकपणा.

खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. कुठून कुठून आलेली माणसं मांडीवर फाइल धरून रिक्षात बसलेली रोज दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘तुझं दुःख ते केवढं’ असं भाच्याला सांगावं, असं मनात आलं होतं. सांगितलं नाही. तसं सांगून रिक्षातल्या माणसाचं ओझं कमी होणार नव्हतं आणि भाच्याचंही.

अल्बमचं शेवटचं गाणं 17 मिनिटांचं. पियानोवर न्यू ऑर्लिन्सचे डॉ. जॉन आहेत. मध्येच सगळं खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारखं जुलैत कोसळावं तसं कोसळतं, कुठलंच वाद्य वेगळं ओळखू येत नाही, आणि मग ती मूळ चाल हळूहळू परत सापडते. त्या कोसळण्यातून गेल्याशिवाय परतलेल्या चालीला अर्थ येत नाही.

तुमच्या घरात असं कुणी दार लावून बसलं असेल तर नव्या स्थळाचा फोटो इतक्यात पुढे करू नका. आणि हा अल्बम ऐकायचा झाला, तर त्याची सगळी 70 मिनिटं एका बैठकीत, शेवटच्या गाण्यासकट ऐका.