तर्क कशावर उभा आहे?

‘तुम्ही श्रद्धाळू, आम्ही बुद्धिवादी’ अशी वाटणी आपल्याकडे चर्चा सुरू होण्याआधीच झालेली असते. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेचे पुरावे मांडायचे आणि समोरच्याने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून ते तपासायचे. पुरावे मागण्यात काहीच गैर नाही. पण पुरावा कशाला म्हणायचे, तो तोलणारी बुद्धी भरवशाची कशावरून, खरे असेल तेच मानावे हा आग्रह तरी कशाच्या बळावर धरायचा, या प्रश्नांची उत्तरे दोघांनीही द्यायची असतात. आपल्या न्यायदर्शनाच्या पंडितांना, नैयायिकांना, हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या सोळा पदार्थांत पहिले नाव प्रमाणाचे, म्हणजे ज्ञानाच्या साधनाचे आहे. प्रमेय, म्हणजे जाणायची गोष्ट, त्याच्या मागून येते.

१९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील आवारात देवाच्या अस्तित्वावर ख्रिस्ती विचारवंत ग्रेग बान्सन आणि नास्तिक गॉर्डन स्टाइन यांचा जाहीर वाद झाला. बान्सन हे कॉर्नेलिअस व्हॅन टिल यांच्या विचारपरंपरेतले. हॉलंडमध्ये जन्मलेले व्हॅन टिल फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत १९२९ पासून शिकवत होते, आणि देवाविषयी वाद घालायला तटस्थ जागा कुठेच नसते हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. प्रत्येक जण काहीतरी धरूनच बोलायला उभा राहतो. बान्सन यांनी स्टाइन यांना तर्काच्या नियमांविषयी छेडले. हे नियम भौतिक वस्तू नाहीत, ते माणसांनी ठरवलेले संकेत आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. आता, नियम केवळ संकेत असतील, तर वेगळे संकेत मानणाऱ्याला आपण चूक कसे म्हणणार? वादाला उभे राहणे म्हणजेच हे नियम आपल्या दोघांच्याही वर आहेत, असे मानणे होय.

तरीही व्हॅन टिल यांच्या काही अनुयायांइतकी मोठी उडी मी घेणार नाही. दुसऱ्याचा पाया कच्चा आहे हे दाखवल्याने माझा आपोआप पक्का ठरत नाही. म्हणून मला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस अधिक जवळचे वाटतात, आणि त्यातही त्यांच्यावर झालेली टीका.

लुइस यांचे ‘मिरॅकल्स’ १९४७ साली निघाले. आपला प्रत्येक विचार अंध भौतिक कारणांचाच परिणाम असेल, तर निसर्गापलीकडे काही नाही हा विचारही तसाच परिणाम ठरतो, मग तो खरा कशावरून, असा त्यातला युक्तिवाद. २ फेब्रुवारी १९४८ रोजी ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबमध्ये एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम यांनी त्यावर नेमका घाव घातला. त्या स्वतः निष्ठावंत कॅथलिक, विट्गेनस्टाइन यांच्या शिष्या, वय अवघे २८. त्यांचे म्हणणे असे: विचार मनात कोणत्या कारणाने उपजला हा एक प्रश्न, आणि तो कोणत्या आधारावर खरा ठरतो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिल्याने दुसरा निकालात निघत नाही. लुइस यांनी पुढे १९६०च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिले, आणि या फेरलेखनातला प्रामाणिकपणा अ‍ॅन्सकोम यांनीही मान्य केला. श्रद्धेचे समर्थन असे व्हावे. आपल्याच घरातल्या माणसाने कान पकडला, तर वाक्य बदलण्याची तयारी हवी.

त्या टीकेतून तावून निघालेला प्रश्न मात्र आजही उभा आहे. आधारवाक्यातून निष्कर्ष निघतो हे मला दिसते, म्हणून मी तो मानतो. या दिसण्याचा माझ्या मानण्यात काहीच वाटा नसेल, सगळे मेंदूतल्या घडामोडींनीच उरकत असेल, तर ज्ञान म्हणायला उरते काय? डार्विन यांनीही १८८१ साली विल्यम ग्रॅहम यांना लिहिलेल्या पत्रात, खालच्या प्राण्यांपासून विकसित झालेल्या मनाच्या धारणांवर भरवसा ठेवावा का, अशी शंका व्यक्त केली होती. खरे ओळखणारा जीव तगतो, हे त्यावरचे उत्तर मी हलके लेखत नाही. पण तगायला उपयोगी वागणूक पुरते. गणिताचे सिद्धांत आणि ताऱ्यांचे वय जाणणारी बुद्धी तेवढ्याने हाती येत नाही. सृष्टीच्या मुळाशी शब्द होता आणि माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, असे योहान आणि उत्पत्तीचे पुस्तक सांगतात, तेव्हा जग समजण्याजोगे का आहे आणि आपल्याला ते समजते कसे, हे दोन्ही मला एकाच ठिकाणी उलगडते.

असा विचार केवळ पश्चिमेतच झाला असे नाही. चित्पावन कुळातले, काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी तरुणपणी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ग्रंथ रचला. पुढे तेच १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांची चिकित्सा त्यांनी केलीच, पण ब्राह्मो समाजाच्या मताविषयीचा त्यांचा सवाल मला अधिक खोल वाटतो. जो प्रेमळ, पवित्र पिता तुम्ही केवळ बुद्धीच्या प्रकाशात सापडला असे मानता, तो ख्रिस्ती शिकवणुकीतून तर तुमच्याकडे आला नाही ना? पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयामागेही गोऱ्यांच्या लेखनाचा वाटा होता. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला.

गोऱ्यांचा हाच सवाल आजच्या सुशिक्षित मराठी माणसाला मी आदराने विचारतो. प्रत्येक माणसाचे मोल सारखे, दुबळ्याचे तर आधी जपावे, हे तुम्ही मानता. मीही मानतो. निसर्गात तर असे काही लिहिलेले दिसत नाही. मग तुम्ही ते कशाच्या आधारावर मानता? माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनी हा प्रश्न विचारताना पेत्राने सांगितलेली सौम्यता सोडू नये, आणि उलट प्रश्न आला तर तो टाळूही नये.

येशू मेलेल्यांतून उठला, हे मात्र या युक्तिवादाने सिद्ध होत नाही. ती साक्ष घडलेल्या गोष्टीची आहे आणि ती साक्षीदारांकडूनच ऐकावी लागते. मार्काचे शुभवर्तमान सोळाच अध्यायांचे आहे. एका बैठकीत वाचून होते. ते वाचा, आणि मग माझ्याशी वाद घाला.