समुद्रावर रडार नसतं

मी निगडीत राहते आणि एका उद्योगसमूहाच्या छोट्या जेट विमानाची डिस्पॅचर म्हणून काम करते. विमान मी उडवत नाही, पण उडण्याआधीचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो. देशांतर्गत फेरीचं काम चटकन उरकतं. समुद्र ओलांडायचा म्हटलं की मात्र सगळा हिशेब बदलतो. आमच्या प्लांटच्या मंडळींना हे कळलं ते नैरोबीच्या फेरीत.

नैरोबीजवळच्या एका जुळणी कारखान्यात आमच्या चाकणच्या प्लांटचे सुटे भाग नीट बसत नव्हते. समूहाच्या साहेबांसोबत काही इंजिनियर तातडीने पाठवायचं ठरलं. प्लांट मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, विमान आपलंच आहे ना? मग परवा सकाळी निघू देत की!"

विमान आमचं, पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. चाकणला विमानतळ होणार, ही चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकली. पुढे तो प्रस्ताव पुरंदरला गेला. त्यामुळे आजही चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी पार करून लोहगावच गाठावं लागतं. तिथे उड्डाणाची वेळ मिळवायची, कस्टम्स आणि इमिग्रेशनला कळवायचं, हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा एडीसी क्रमांक घ्यायचा. केनियाची उतरण्याची परवानगी आणि वाटेतल्या देशांची त्यांच्या आकाशातून जाण्याची परवानगी वेगळी.

मग फ्लाइट प्लॅन. पुणे ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा भाग अरबी समुद्रावरून. किनाऱ्यापासून साधारण दोनशे नॉटिकल मैलांपुढे जमिनीवरच्या रडारला विमान दिसत नाही आणि नेहमीचा व्हीएचएफ रेडिओही पोचत नाही. तिथून पुढे मुंबईच्या नियंत्रकाला विमान कळतं ते एचएफ रेडिओवर वैमानिकाने सांगितलेल्या ठिकाणावरून, किंवा उपग्रहामार्फत आपोआप गेलेल्या संदेशावरून. एचएफवर खरखर इतकी की तासन्‌तास कान देऊन बसणं अशक्य. म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा सेलकॉल कोड असतो; जमिनीवरून तो पाठवला की कॉकपिटमध्ये घंटा वाजते. समुद्रावरच्या पहिल्या संपर्कातच ही घंटा तपासून घेतात.

फ्लाइट प्लॅनच्या दहाव्या आणि अठराव्या रकान्यात मी हेच सगळं भरते: एचएफ आहे, सेलकॉल अमुक, आरव्हीएसएमची मान्यता आहे, आरएनपी-१०ची आहे. आरएनपी-१० म्हणजे उड्डाणाच्या ९५ टक्के वेळात विमान मार्गापासून दहा नॉटिकल मैलांच्या आत राहील याची हमी. या हमीवरच शेजारच्या दोन मार्गांत पन्नास मैलांचं अंतर पुरेसं मानतात. आरव्हीएसएममुळे वरच्या थरांत विमानांमध्ये दोन हजारांऐवजी एक हजार फुटांचं उभं अंतर चालतं. आपल्याकडे हे नोव्हेंबर २००३पासून लागू आहे.

एकोणिसाव्या रकान्यात तराफे किती, त्यात किती माणसं मावतात आणि त्यांचा रंग कोणता, हे लिहायचं. शोधायला निघालेल्या माणसाला वरून काय दिसेल, त्याची ही नोंद. हा रकाना मी कधीच घाईत भरत नाही.

कॅप्टनसाहेबांनी इंधनाचा हिशेब पुन्हा तपासला. भर समुद्रावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान दहा हजार फुटांवर आणावं लागतं आणि तिथे इंधन जास्त जळतं. कुठपर्यंत मागे वळायचं, कुठून पुढेच जायचं आणि कुठे वाट सोडून ओमानचं सलाला गाठायचं, हे उड्डाणाआधी कागदावर ठरलेलं असतं. मार्गाच्या मध्यरेषेपासून उजवीकडे दोन मैलांपर्यंत सरकून उडण्याचंही त्यांनी ठरवलं. जीपीएसमुळे आता सगळीच विमानं रेषेवर इतकी अचूक उडतात की उंचीत एखाद्याची चूक झाली तर ते थेट दुसऱ्याच्या वाटेत येतं. सरकून उडलं की तो धोका कमी होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्लांटमधून आणखी एका इंजिनियरचं नाव आलं. पासपोर्ट, व्हिसा सगळं होतं, पण पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड नव्हतं. केनियातून परतणाऱ्याकडे ते नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस घेतल्यावर कार्ड ग्राह्य धरलं जातं ते दहा दिवसांनी. मॅनेजर चिडले, साहेबांपर्यंत फोन गेले. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "नियम आहे का?" मी हो म्हटलं. तो इंजिनियर पुण्यातच राहिला आणि व्हिडिओ कॉलवरून त्याने काम केलं.

उड्डाण ठरलेल्या 'परवा'च्या बऱ्याच नंतर झालं आणि सुरळीत पार पडलं. या कागदांना प्लांटमध्ये अजूनही बाबूगिरी म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे कोणी बघत नाही, तिथे विमान कुठे असेल हे आधीच लिहून देणं आणि तसंच वागणं, एवढीच सुरक्षितता उरते. म्हणून चाकण-भोसरीच्या मॅनेजर मंडळींना एवढीच विनंती: परदेशी फेरी ठरत असेल तर नावं, पासपोर्ट आणि लशीची कार्डं पहिल्याच दिवशी पाठवा. उड्डाणाची तारीख परवानग्या हातात आल्यावरच पक्की धरा.