क्विरिनालच्या मातीतला मुष्टियोद्धा

रोमच्या तेर्मिनी स्टेशनात उतरलेले बहुतेक प्रवासी बॅगा ओढत थेट कलोसियमची मेट्रो गाठतात. मी समोरचा चौक ओलांडून पालाझ्झो मास्सिमोत शिरले. एकोणिसाव्या शतकात जेझुइटांच्या विद्यालयासाठी बांधलेली ही इमारत आता राष्ट्रीय रोमन संग्रहालयाचा भाग आहे. वरच्या मजल्यांवर सुंदर भित्तिचित्रं आहेत. पण मला भेटायचं होतं तळमजल्यावरच्या एका माणसाला.

ब्राँझचा हा माणूस बसलेला आहे. कोपरं मांड्यांवर टेकलेली, हात पुढे एकमेकांवर सैल पडलेले. लढत आत्ताच संपली आहे. कुणीतरी हाक मारावी तशी त्याने मान उजवीकडे वळवली आहे. जिंकला की हरला, हे शिल्पकार सांगत नाही. नाक मोडलेलं, गालावर चिरा, ओठ आत ओढलेले. डोळ्यांच्या जागी आज नुसत्या खोबणी आहेत, तरी तो बघतोय असंच वाटतं.

मी जवळ गेले आणि नजर खिळली ती त्याच्या कानांवर. मी कोल्हापूरची. लाल मातीत वर्षानुवर्षं घासून, चेपून, गाठी होऊन बसलेले कान लहानपणापासून पाहिलेले. आमच्या भागात रस्त्याने जाणाऱ्याचा कान बघूनच कळतं की हा तालमीतला गडी. इथे खेळ कुस्तीचा नव्हे, ठोशांचा. काळ दोन हजार वर्षांहून जुना. पण कान तेच! ज्याने हे कान घडवले तो खेळाडूंमध्ये वावरलेला असणार. नुसत्या ऐकीव माहितीवर असा कान घडत नाही.

प्राचीन ग्रीकांचं मुष्टियुद्ध आजच्यापेक्षा फार निर्दय होतं. ऑलिम्पिकमध्ये ते इ.स.पू. 688 मध्ये आलं आणि स्मिर्नाचा ओनोमास्टोस हा त्याचा पहिला विजेता. त्या लढतींना फेऱ्या नसत, वजनी गट नसत. एकजण कोसळेपर्यंत किंवा बोट वर करून हार मानेपर्यंत लढत चाले आणि ठोसे मुख्यतः डोक्यावरच बसत. म्हणून या माणसाचं धड तसं शाबूत आहे आणि सगळी लढाई चेहऱ्यावर उमटली आहे. हातांना चामडी पट्ट्यांची वेष्टणं आहेत. बोटांच्या पेरांवर कडक चामड्याचं जाड कडं आणि मनगटाच्या वर लोकरीची किनार. त्या पट्ट्यांची शिवण आणि गाठीसुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत.

आणि रक्त! ते रंगवलेलं नाही. मेणाच्या साच्यातून तुकडे ओतून, ते जोडून पुतळा उभा केल्यावर जखमांच्या जागी शिल्पकाराने तांबं जडवलं. ओठही तांब्याचे. उजव्या डोळ्याखालची सूज वेगळ्या, गडद मिश्रधातूची आहे, त्यामुळे ती काळीनिळी पडल्यासारखी दिसते. उजव्या दंडावर आणि मांडीवर तांब्याचे थेंब आहेत. ते तिथे का, हे कळायला मला वेळ लागला. त्याने मान झटकन वळवली, तेव्हा चेहऱ्यावरून ओघळणारं रक्त अंगावर सांडलं. एवढ्याशा थेंबांनी शिल्पकाराने गेलेला क्षण धातूत पकडला आहे. ब्राँझ नवं असताना ते उन्हात रापलेल्या कातडीसारखं झळकत असणार आणि त्यावर हा तांबडा रंग किती ताजा दिसला असेल!

तिथेच भाल्याला टेकून उभा असलेला एक राजपुरुष आहे. हाही ब्राँझचा, आणि मुष्टियोद्ध्यासारखाच 1885 साली क्विरिनाल टेकडीवर सापडलेला. देह रेखीव, कुठे ओरखडा नाही. त्याचा रुबाब मला मान्य आहे, पण पाय मात्र पुन्हा मुष्टियोद्ध्याकडेच वळले. खेळाने कलेला सुडौल शरीरं दिली, असं आपण नेहमी म्हणतो. मला वाटतं, त्याहून मोठी देणगी म्हणजे झिजलेलं शरीर. ज्याच्यावर आयुष्य वाचता येतं असं शरीर. विजयी वीर घडवणारे शिल्पकार पुष्कळ झाले. थकलेल्या माणसाचा एवढा आदर करणारा शिल्पकार विरळा.

दुपारी व्हिया नात्सिओनालेने चालत क्विरिनालच्या उतारावर गेले. तिथे आता बँका, दुकानं, बसची गर्दी. एका नाट्यगृहासाठी खोदकाम चालू असताना मजुरांना हा मुष्टियोद्धा सापडला. पुरातत्त्वज्ञ रोदोल्फो लांचानी तिथे हजर होते. मातीतून हळूहळू वर येणारा हा देह पाहून आयुष्यात कधी झालं नव्हतं इतकं मन हललं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्या नोंदीप्रमाणे पुतळा उलथून पडलेला नव्हता. कुणीतरी त्याला नीट बसवून, चाळलेल्या मातीने झाकलं होतं. वितळवून नाणी पाडायच्या काळात कुणाला तरी तो वाचवावासा वाटला, एवढं नक्की.

त्याला जपणारे आधीही होते. हातापायांची बोटं गुळगुळीत झिजली आहेत, ती लोकांच्या स्पर्शाने. श्रद्धेने येऊन हात लावणारी माणसं प्राचीन काळातच होती.

रोमला जाणार असाल तर तेर्मिनीवर सामान ठेवा आणि आधी पालाझ्झो मास्सिमो गाठा. समोर उभे राहून फोटो काढून निघू नका. त्याच्या उजव्या बाजूला जा, जिकडे त्याने मान वळवली आहे तिकडे, आणि थोडं वाकून वर बघा. थेंब तिथूनच दिसतात.