आल्बीच्या विटा

दक्षिण फ्रान्समधलं आल्बी. तार्न नदीकाठच्या या गावातलं सेंट सेसिल कॅथेड्रल पाहताना पहिल्यांदा किल्लाच आठवतो. लालसर विटांच्या सरळसोट भिंती, बुरुजांसारखे गोलावे, अरुंद खिडक्या. हे सारं हेतुपुरस्सर आहे. १२०९मध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या इथल्या कॅथर पंथीयांविरुद्ध पोपच्या आज्ञेने युद्ध सुरू झालं आणि त्याला नाव पडलं ते याच गावाचं. पुढे १२८२मध्ये बिशप बेर्नार द कास्तानेने हे बांधकाम काढलं, चर्चची जरब बसावी म्हणून. माणसांना दडपण्यासाठी उभारलेली वास्तू सुंदर म्हणताना मन कचरतं. तरी ती सुंदर आहेच.

आत मात्र निळ्या-सोनेरी छताची उधळण. पश्चिमेच्या भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीचं 'अंतिम निवाड्या'चं प्रचंड चित्र आहे. गर्विष्ठांना चाकांना बांधलंय, लोभी उकळत्या कढयांत. पण निवाडा देणारा ख्रिस्तच नाही! सतराव्या शतकात भिंत फोडून वाट काढली, त्यात तो गेला. मला याची फार हळहळ वाटली.

शेजारच्या बिशपांच्या वाड्यात १९२२पासून चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं संग्रहालय आहे. तो इथलाच, १८६४चा जन्म. पॅरिसच्या नाचघरांतल्या, कुंटणखान्यांतल्या बायका त्याने किती आपलेपणाने रंगवल्या! त्याच्या माघारी आईने ती चित्रं गावाला दिली. आज त्या बायका बिशपांच्या दालनांत मानाने विराजमान आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला.