ओबर्नडॉर्फ आणि मामांची छऱ्याची बंदूक

माझे थोरले मामा उद्यमबागेत ३० वर्षे टर्नर होते. दिवसभर कारखान्याचे जॉब काढायचे आणि संध्याकाळी वडगावातल्या परसात, पत्र्याच्या शेडमधल्या जुन्या लेथवर ‘आपलं काम’ करायचे. १९८६-८७ च्या सुमारास हे आपलं काम म्हणजे धक्का न देणारी छऱ्याची बंदूक होती.

वेड लागले ते जत्रेत. फुगे फोडायच्या बंदुकीने मामांचे दहापैकी सात नेम चुकले. एरवी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात हिशेब करणारा माणूस! दुकानदाराकडून ती बंदूक विकत घेऊनच ते घरी आले. मामींनी काय म्हटले ते इथे छापता येणार नाही.

या बंदुकीत दारू नसते. नळीच्या मागे एक दट्ट्या आणि त्याच्या मागे दाबलेली स्प्रिंग असते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पण दट्ट्या पुढे धावला की बंदूक मागे येते आणि दाबलेल्या हवेवर आपटून तो अडला की ती पुढे झटका खाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीत असतानाच बसतात, नेम जातो तो तिथे. मामांनी एक मजेची गोष्ट टिपली होती. बंदूक शिकंजात घट्ट आवळून मारली तर छर्रे जास्त फाकत. सैल हातावर ठेवून मारली तर जवळजवळ पडत. कारण मात्र त्यांना उमगले नाही.

आधी त्यांनी बंदुकीला शिसे लावून वजन वाढवले. ती उचलताना मीच वाकलो. मग पाठीला पाठ लावून दोन दट्ट्ये बसवले. एक पुढे धावेल, दुसरा मागे, म्हणजे धक्क्याला धक्का फिटेल. कल्पना बिनचूक होती, पण दोन्ही दट्ट्ये एकाच क्षणी कधी सुटले नाहीत. दीड-दोन वर्षांनी मामींनी परवान्याची आणि पोलिसांची भीती घातली, पुढे थोरलीचे लग्न निघाले आणि सगळे भाग पार्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले.

२०१४ च्या मे महिन्यात भाच्याकडे श्टुटगार्टला गेलो, तेव्हा हा डबा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. एका रविवारी त्याने विचारले, “मामा, माउझरचं गाव बघायचं का?” काकोरीच्या क्रांतिकारकांमुळे माउझर हे नाव शाळेपासून ओळखीचे. निघालो.

गाडी होर्बपाशी नेकार नदीच्या खोऱ्यात उतरते आणि मग नदीचा हात सोडत नाही. नेकार इथे अगदी लहान आहे, आपल्या मार्कंडेयसारखी. दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर, आणि ओबर्नडॉर्फ त्या घळीत बसलेले. स्टेशन खाली, जुने गाव वर. चढताना माझी दमछाक झाली. ऑगस्टिनियन साधूंच्या मठात १८११ साली व्युर्टेमबर्गच्या राजाने बंदुकांचा कारखाना काढला. विल्हेल्म आणि पाउल हे माउझर बंधू तिथेच कामाला लागले आणि पुढे जगभरच्या सैन्यांना बंदुका पुरवू लागले. एवढीशी ती घळ, आणि तिथून काय काय बाहेर पडले! त्या चित्रासारख्या गावात उभे राहून हा विचार सुखाचा वाटत नाही.

१९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने कारखाना ताब्यात घेतला, यंत्रे सोडवून नेली, इमारती पाडल्या. हाताशी कसब आणि करायला काम नाही, अशी माणसे गावात उरली. आपल्याकडे गिरणी बंद पडल्यावर जे होते तेच. त्यांतले कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर या दोघांनी ‘फाइनवेर्कबाउ’ नावाचा धंदा उभारला. नावाचा अर्थ बारीक यंत्रकाम, एवढाच. १९६० च्या दशकात त्यांनी नेमबाजीची अशी स्प्रिंगची बंदूक काढली की स्पर्धांमधून तिचाच बोलबाला झाला. पुढे दाबून भरलेल्या हवेच्या बंदुका आल्या आणि तिचे दिवस संपले.

ती मला हाताळायला मिळाली दोन दिवसांनी, भाच्याच्या सहकाऱ्याच्या नेमबाजी मंडळात. आपल्याकडे भजनी मंडळ असते तशी तिथे खेडोपाडी ही मंडळे. एका वृद्ध सभासदाने कपाटातून आपली जुनी ३०० मॉडेलची बंदूक काढली. बाजूची दांडी ओढून स्प्रिंग चढवली, ४.५ मिलिमीटरचा छर्रा ठेवला. लक्ष्य १० मीटरवर, आणि त्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

मी चाप ओढला. टक् असा आवाज झाला. खांद्याला काहीच लागले नाही, पण डोळ्यासमोरचे रबरी कडे हलकेच मागे आले. आजोबा हसले. त्यांनी दस्ता धरून दाखवला: नळी, दट्ट्या, स्प्रिंग हे सगळे धूड दस्त्यावरच्या रुळांवर बसवलेले असते आणि बार उडताच ते मागे सरकते. धक्का आहे तसाच राहतो. तो फक्त माणसापर्यंत पोचत नाही. आत स्प्रिंगाही दोन, एक डावीकडे पिळलेली आणि एक उजवीकडे, म्हणजे पीळ सुटतानाही बंदूक वळत नाही. मामांच्या दोन दट्ट्यांचे काय, हे मी भाच्याकरवी विचारले. आजोबा म्हणाले, रास्टाटच्या डायना कंपनीने तेच केले होते. फक्त त्यांनी दोन्ही दट्ट्ये दात्यांच्या पट्ट्या आणि मधले चाक घालून एकमेकांना जोडले. एक निघाला की दुसऱ्याला निघावेच लागे.

एक चाक! माझ्या डोळ्यांपुढे बिस्किटांचा डबा आला.

बेळगावला पोचलो त्याच संध्याकाळी वडगाव गाठले. मामा तेव्हा ७४ वर्षांचे होते, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. मी सगळे सांगितले, कागदावर वेडेवाकडे काढून दाखवले. चाकाचे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. रुळांचे ऐकल्यावर उठले, डबा काढला, आतली नळी टेबलाच्या खणात ठेवली आणि खण दोनदा आतबाहेर केला.

“किती सरकते म्हणालास?”

“थोडीशी, मामा. अगदी थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे किती? मिलिमीटर सांग की रे!”

मी मोजले नव्हते. मामांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

“एवढं विमानानं गेलास, बंदूक हातात घेतलीस आणि मोजलं नाहीस? कसला प्रोफेसर रे तू!”

मामी आतून म्हणाल्या, “चहा घेणार का दोघं?” मामांनी तोवर खणातून पट्टी आणि पेन्सिल काढली होती.